बाकीचं आम्ही बघतो: रोलचे कॅमेरे, त्यांच्या जाहिराती आणि माळ्यावरचा क्लिक थ्री

बारा फ्रेमा (सांगली)

दिवाळीच्या आधी माळा उतरवला. २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं, माळ्यावरचं तेवढं वाचलं, आणि वाचलंय म्हणून त्याकडे पुन्हा कुणी पाहिलंच नाही. घंगाळ, मोडका पाळणा, आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला आण्णांचा आग्फा क्लिक थ्री. चामडी कव्हरच्या बटणावर हिरवा कळंक चढलेला. कव्हर उघडलं तर जुन्या चपलेचा आणि डांबरगोळ्यांचा वास. लेन्सच्या कडेला एक सूर्य आणि एक ढग. ऊन असेल तर सूर्यावर ठेवायचं, आभाळ असेल तर ढगावर. संपलं शिक्षण.

खटका दाबला तर खट्ट वाजला. मग मागच्या लाल खिडकीत मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं, तर आत ९ आकडा. म्हणजे आत रोल आहे! बारापैकी नऊ काढलेत आणि तीन बाकी. आण्णांना (वय ८४) दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं, "त्यात काय असणार? मास्तरांची स्कूटर असंल." आणि परत पेपरात डोकं.

आता मूळ मुद्दा. गेली सात-आठ वर्षं मी रद्दीच्या दुकानांतून जुन्या मासिकांतल्या कॅमेऱ्याच्या जाहिराती जमवतोय. परदेशी अंकांतल्या जास्त, आपल्याकडच्याही थोड्या. बायको म्हणते, घरात एक रद्दीवाला पुरे होता. त्या ओळीने लावून पाहिल्या की एक गंमत दिसते. जवळपास सगळ्या एकच गोष्ट विकतात : सोपं आहे हो, तुम्हालाही जमेल.

सुरुवात १८८८ साली. जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक २५ डॉलरला काढला. आत शंभर फोटोंचा रोल भरलेलाच यायचा. रोल संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला कारखान्यात पाठवायचा, सोबत १० डॉलर. ते फोटो धुऊन, नवा रोल भरून परत पाठवणार. जाहिरातीची ओळ होती, "तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो." पुढे १९०० मध्ये ब्राउनी आला, किंमत एक डॉलर, आणि जाहिरात सांगायची की शाळकरी पोरापोरींनाही यावर चांगले फोटो जमतील. १९७६ च्या कॅनन एई-१ चं घोषवाक्य तर "इतका प्रगत की सोपा झालाय" अशा अर्थाचं. साधा स्वस्त डबा असो की महागडं यंत्र, आश्वासन तेच.

आणि मी काय करतोय? खिशातल्या फोनवर बटणसुद्धा नाही, नुसतं बोट टेकवायचं. ईस्टमनला हवं होतं त्याच्याही पुढे गेलोय आपण. तरी मला हा सूर्य-ढगवाला डबा हातातून खाली ठेववत नाही. ज्या कटकटीतून सोडवतो म्हणून शंभर वर्षं जाहिराती झाल्या, तीच कटकट आता हौसेनं विकत घ्यायला मी तयार आहे. हे काय प्रकरण आहे?

तुमचा पहिला कॅमेरा कोणता, कुठली जाहिरात डोक्यात बसलीय, ते लिहा. आणि त्या तीन फ्रेमांचं काय करू, तेही सांगा. काढून संपवू की तसाच धुवायला देऊ?

भडंग

खटॅऽऽक!

बस्स, आमच्या पिढीची जाहिरात एवढीच. हॉट शॉट. रोखा आणि मारा, खटॅक. टीव्हीवर लागली की आम्ही तिघं भावंडं एकमेकांवर रिकाम्या काड्यापेट्या रोखून खटॅक करायचो. खरा कॅमेरा घरात येईपर्यंत मी दहावीला गेलो. पन्हाळ्याच्या सहलीला नेला तेव्हा वडिलांनी दम भरलेला, "झाडाझुडपांचे काढू नकोस, माणसांचे काढ." आख्खा पन्हाळा सोडून मी पस्तीस माणसं काढून आणली. त्यातली बारा तरी आमच्या सरांची.

धागा मस्त. वाचनखूण साठवली.

चार भिंती (सातारा)

छान लिहिलंय, पण एक सांगतो. क्लिक थ्री हातात आला की बरेच जण जर्मन म्हणून मिरवतात. नाव जर्मन असलं तरी तुमच्या डब्याच्या अंगावर बारीक अक्षरांत बघा, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजचं नाव असेल. तो आपल्याकडेच तयार व्हायचा. त्यामुळेच तर मध्यमवर्गाच्या हाताला लागला.

माझा पहिला झेनिट-ई. रशियन. सोबतची लेन्स हेलिऑस, ५८ मिमी. वजन किलोभर, गळ्यात घालून यवतेश्वरचा घाट चढलात की मान दोन दिवस बोलते. शटर सगळ्यात हळू १/३० सेकंद, सगळ्यात जलद १/५००, मधलं पाहिजे तर नशीब. वर उजेड मोजायचा सेलेनियमचा मीटर, त्याला बॅटरी लागत नाही; उजेड पडला की काटा हलतो. पण काटा काय सांगतोय ते वाचून आकडे आपणच लेन्सवर फिरवायचे. मीटर आणि कॅमेरा यांची सोयरीक नव्हती, नुसती ओळख होती.

त्याची जाहिरात मी कधी पाहिलीच नाही. एका निवृत्त फौजी काकांकडून घेतला. ते म्हणाले, "बाळ, हा पडला तर फरशी बघ, कॅमेरा बघू नको."

तो शेवटी गेला कासच्या पावसात. पडला-बिडला नाही, बुरशी. चामडी कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवला, आणि सप्टेंबरात काढला तर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. तेव्हा तुम्हीही त्या कव्हरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरून बसतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आणि महिन्यातून एकदा तरी उजेड-वारा दाखवा.

सरळमार्गी

विरोधी सूर लावतो, हलकेच घ्या.

मला यात नुसता जुन्याचा उमाळा दिसतो. मीही दोन वर्षांपूर्वी या नादाला लागलो होतो. रोल, धुलाई, स्कॅनिंग, कुरिअर धरून एका रोलला हजाराच्या वर गेले. पुण्यातल्या एका लॅबला कृष्णधवल रोल पाठवला. त्यांनी तो रंगीत रोलांच्या केमिकलमधून काढला. परत आली ती कोरी पारदर्शक पट्टी. त्या प्रक्रियेत चांदी सगळी धुऊन जाते आणि रंगीत फिल्मसारखा मागे रंग उरत नाही, हे मला नंतर कळलं. त्यांना आधी कळायला हवं होतं. वर म्हणाले, "सर, तुमचा रोलच कोरा असेल." त्यात माझ्या आजीचा शेवटचा गणपती होता.

फोनमध्ये काढला असता तर आज असता. तेव्हा ते "प्रत्येक फ्रेमला किंमत" वगैरे मला नका सांगू. किंमत मी मोजलीय.

आणि डिजिटल कॅमेरासुद्धा कोडॅकच्याच माणसाने, स्टीव्हन सॅसनने, १९७५ मध्ये त्यांच्याच घरात बनवला होता. पुढे २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. यांच्या जाहिरातींचं कौतुक आपण करायचं?

बारा फ्रेमा

@चार भिंती, बघितलं. बारीक अक्षरं आहेत, बडोदाच. धन्यवाद. कव्हर उन्हात टाकलंय.

@सरळमार्गी, आजीचं वाचून वाईट वाटलं. खरंच.

लाल बल्ब (सांगली)

सहसा नुसता वाचतो. आज लिहितो.

आधी ते टॉर्च मारणं बंद करा!! लाल खिडकी लाल उजेड न कळणाऱ्या जुन्या फिल्मसाठी होती, दिव्याखाली धरून बघण्यासाठी नव्हे. आत्ताच्या आत्ता तिच्यावर काळी टेप लावा. मग पुढचं वाचा.

तुम्ही ईस्टमनची ओळ लिहिलीत, "बाकीचं आम्ही बघतो". त्यातला "आम्ही" म्हणजे आमचे दादा, माझे वडील.

मारुती रोडच्या आतल्या बोळात दादांचा स्टुडिओ होता. पुढं पडद्यावर ताजमहाल, मागं जिन्याखाली चार बाय सहाची डार्करूम. कुणी क्लिक थ्री घेऊन यायचं, कुणी इसोली, पुढं पुढं हॉट शॉट. कॅमेरा काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, "रोल धुवायला टाकायचाय." जसं काय धोतर. दादा पावती फाडायचे, परवा या.

आता "बाकीचं" काय असायचं ते सांगतो. फिल्म पूर्ण अंधारात काढायची, लाल बल्बसुद्धा चालत नाही. तो फक्त कागदाच्या वेळी. बोटांनी चाचपून कागदी पट्टीपासून फिल्म सोडवायची. डेव्हलपर, म्हणजे फोटो उठवायचं औषध, घरी करायचे : मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, बोरॅक्स. तराजू सोनाराचा. उन्हाळ्यात पाणी तापायचं तर माठातलं घ्यायचं, वर बर्फ टाकायचा. घड्याळ दिसत नाही म्हणून मिनिटं तोंडानं मोजायचे. आई म्हणायची, दादा झोपेतसुद्धा साठपर्यंत मोजतात. मेटॉलनं त्यांच्या बोटांची कातडी फाटायची, नखं कायम तपकिरी. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले की नवी माणसं त्यांच्या हाताकडं बघायची.

हायपोचं, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाचं, पाणी फेकायचं नाही. त्यात चांदी उतरलेली असते. मोठ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवायचं आणि वर्षातून दोनदा खानापूरकडचा एक गलाईवाला येऊन मोजून न्यायचा. आपल्या जिल्ह्यातली माणसं सबंध हिंदुस्थानात सोनं-चांदी गाळायला जातात, आणि आमच्याकडं ती जिन्याखाली यायची. त्या पैशात आमची दिवाळीची कापडं व्हायची. म्हणजे सांगलीकरांनी गणपतीच्या देवळापुढं उभं राहून जे हसून घेतलं, त्यातली जी चांदी कागदावर लागली नाही, ती आमच्या अंगावर.

कागदाचं मात्र मला वेड होतं. लाल उजेडात ट्रेमध्ये कोरा ब्रोमाइड सोडायचा, चिमट्यानं हलवायचा. आधी केस दिसतात. मग भुवया. मग डोळे. चेहरा सगळ्यात शेवटी भरतो. मी सात-आठ वर्षांचा असेन, स्टुलावर उभा राहून सांगायचो, "दादा, बाई आहे! ... दादा, बाई चिडलीय." मग धुऊन प्रिंट चकचकीत पत्र्यावर रूळ फिरवून चिकटवायचे आणि पत्रे गच्चीवर उन्हात. वाळले की प्रिंट आपोआप सुटतात. टक्. थांबून परत टक्. दुपारी आम्ही खाली अभ्यासाला बसलेलो असायचो आणि वरून सांगली एकेक करून सुटायची.

लग्नं यशिका ६३५ वर. तीन रोल म्हणजे छत्तीस फोटो, ठरलेला हिशोब. पण वऱ्हाडाला हिशोब कळत नाही. मामांना मामींसोबत पाहिजे, मग साडूंना पाहिजे, मग शेजारच्यांना. नाही म्हणता येत नाही. मग दादा नुसता फ्लॅश मारायचे. खटका नाही, फक्त उजेड. सगळे खूश. अल्बम आल्यावर मामा विचारायचे, आमचा कुठाय? दादा म्हणायचे, "डोळे मिटले होते तुमचे, शोभला नसता."

तुम्ही जमवलेल्या जाहिरातींत कॅमेरा असतो, बाई असते, समुद्र असतो, कुत्रं असतं. जिन्याखालचा माणूस एकीत तरी आहे का बघा.

सोप्याची जाहिरात खोटी नव्हती, एवढं मी म्हणेन. तुमच्यासाठी सोपंच होतं. अवघड सगळं दादांकडं होतं. आज पोरं माझ्याकडं येऊन डेव्हलपर कसा करायचा विचारतात, त्यांना कॅमेरा नकोय, त्यांना "बाकीचं" पाहिजे. म्हणून तुमचं "हे काय प्रकरण आहे" त्याला माझं उत्तर हे.

स्टुडिओ पुढं बंद झाला. आता त्याच जागेत माझं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. पण टाक्या, ट्रे आणि निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायचा एनलार्जर आहेत.

भडंग

वरून सांगली एकेक करून सुटायची... दंडवत घ्या लाल बल्ब.

आमच्या मामांचा त्या लग्नातला फोटो का नाही, हे चाळीस वर्षांनी कळलं. आज रात्री फोन करतो त्यांना.

कृष्णाकाठची

लाल बल्बदादांच्या प्रतिसादापुढे लिहायला संकोच वाटतो, पण जाहिरातीतल्या "बाई"बद्दल बोलायचंय.

कोडॅकच्या जुन्या जाहिरातींत पट्टेरी झगा घातलेली एक तरुणी असते, कोडॅक गर्ल म्हणतात तिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कितीतरी वर्षं ती जाहिरातींत होती. ती कुणाला पोझ देत नाही, तिच्या स्वतःच्या हातात कॅमेरा असतो. समुद्रावर, आगगाडीत, डोंगरावर एकटी फिरते. कंपनीला बायकांना गिऱ्हाईक करायचं होतं हे उघड आहे, त्यात समाजसेवा नव्हती. घरच्या आठवणी बायका सांभाळतात, तर कॅमेरा त्यांनाच विका, हा सरळ धंदा. "घटनेची गोष्ट कोडॅकला सांभाळू द्या" अशा अर्थाच्याही जाहिराती होत्या. पोलरॉइडनेही १९६५ मध्ये स्विंगर काढला तो १९.९५ डॉलरला, पोरापोरींसाठी, आणि जाहिरातीत अली मॅकग्रॉ.

आता आपल्या घरात या. आमचा क्लिक थ्री बाबांच्या कपाटात, कुलपात. किल्ली त्यांच्या जानव्याला. आईला हात लावायची परवानगी नव्हती, कारण "रोल फुकट जाईल". माझ्या आईने आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही, आणि ती प्रत्येक फोटोत कुणाला तरी मांडीवर घेऊन बसलेली आहे. तिचा एकटीचा म्हणून एकच फोटो आहे, आणि तोही चुकून. बाबा रोल पुढे फिरवायला विसरले. एकाच फ्रेमवर आधी आई आणि मग आयर्विन पूल. आई काठावर उभी, तिच्या पदरातून पुलाच्या कमानी गेल्यात, खाली कमरेपर्यंत कृष्णेचं पाणी. बाबांनी तो "बिघडलेला" म्हणून फाडायला काढला होता. तिने काढून घेतला आणि पोथीत ठेवला.

होमाई व्यारावालांसारखी बाई त्याच काळात रोलिफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक घेऊन दिल्लीत नेहरूंचे फोटो काढत होती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "तिच्या घरात किल्ली कुणाकडं होती?"

अवांतर झालं असेल तर क्षमस्व.

बारा फ्रेमा

अवांतर कसलं! माझ्या कात्रणांच्या फाइलमध्ये कोडॅक गर्ल चार आहेत. मी त्यांच्या झग्याचे पट्टे बघत बसलो होतो, हातात काय आहे ते आत्ता बघितलं.

आणि लाल बल्ब, शोधलं सगळीकडे. जिन्याखालचा माणूस एकीतही नाही. टेप लावली.

सेलेनियम

रोलच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, नाहीतर धागा भरकटेल (चांगलाच भरकटलाय म्हणा).

बारा फ्रेमा, तीन फ्रेमा काढायचा मोह आवरा. चाळीसेक वर्षं माळ्यावर पडलेली फिल्म, आणि सांगलीचा एप्रिल-मे. तिच्यावर धुकं चढलेलं असणार, म्हणजे न वापरलेला भागही धुतल्यावर करडा येईल. नवे तीन त्यात नीट उठणार नाहीत, आणि खिडकी परत परत उघडण्याने जुन्या नवांनाही धक्का बसेल. आण्णांच्या काळी मिळणारा रोल म्हणजे बहुधा कृष्णधवल. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू असू शकेल, ओरवो असू शकेल. रंगीत लॅबला अजिबात देऊ नका, वर सरळमार्गींचा अनुभव वाचलाच आहे. जुन्या फिल्मला धुकं कमी आणणारा डेव्हलपर लागतो, एचसी-११० मिळाला तर उत्तम. आधी टोकाचा तुकडा कापून त्याच्यावर वेळ ठरवा.

जाता जाता जाहिरातीबद्दल. मला आवडते ती ऑलिंपस ट्रिप ३५ ची ब्रिटनमधली. तिथला नावाजलेला छायाचित्रकार डेव्हिड बेली आणि "स्वतःला कोण समजता, डेव्हिड बेली?" अशी टर. तो कॅमेरा १९६७ चा, त्यालाही सेलेनियम, बॅटरी नाही. उजेड कमी असेल तर डोळा लावायच्या खिडकीत लाल जीभ वर येते आणि बटण दबतच नाही. कॅमेऱ्याने तोंडावर नाही म्हणायचं. मला तर हे फार आवडतं. फोन मला कधीच नाही म्हणत नाही, म्हणून माझ्याकडे जेवणाच्या ताटाचे चारशे फोटो आहेत.

सरळमार्गी

सेलेनियम यांच्याशी सहमत. आणि लाल बल्ब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा तो रोल तुमच्या दादांसारख्या कुणाच्या हातात पडायला हवा होता. "नुसता उमाळा" हे शब्द मागे घेतो. पैशाचा मुद्दा कायम आहे.

वाकडा ट्रायपॉड

आवो लई झालं आता धुकं आन् सेलेनियम. तीन फ्रेमा हाईत तर काढा की! आण्णांचा काढा, त्या कॅमेऱ्यानंच. चौऱ्याऐंशीचं मानूस हाय. आला तर आला, न्हाई आला तर करडा. फिल्म काय पेन्शन घ्यायला ठिवलीया?

आन् एक. पुरात आमच्या गावभागातल्या घरात अल्बम भिजले तवा बायकोनं उन्हात वाळत घातले. सगळे फोटो एकमेकांस्नी चिकटले, वीट झाली वीट. त्याला काय विलाज हुता का? बुद्धी लई उशिरा सुचतीया म्हना.

लाल बल्ब

वाकडा ट्रायपॉड, ते दुखणं आमचंही आहे. त्या ऑगस्टात आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या बोळात छातीइतकं होतं. दादांच्या निगेटिव्हच्या पेट्या खालच्या कप्प्यात होत्या.

पुढच्या वेळेसाठी सांगतो, येऊ नये ती वेळ. भिजलेले फोटो किंवा निगेटिव्ह चिकटलेल्या अवस्थेत वाळू द्यायचे नाहीत. वरचा थर जिलेटिनचा असतो, फुगतो; तसाच वाळला की डिंक. स्वच्छ, गार पाण्याच्या बादलीत ठेवायचे, ओलेच. पाण्यातच हळूहळू सुटे करायचे, फडक्यानं पुसायचं नाही, बोटही लावायचं नाही. मग एकेक दोरीला चिमट्यानं, सावलीत. दोन-तीन दिवसांत केलं तर बरेच वाचतात. आम्ही गच्चीवर नऊ बादल्या मांडल्या होत्या. प्यायचं पाणी टँकरनं येत होतं आणि आम्ही त्यात फोटो भिजवत होतो, लोकांनी वेड्यात काढलं. तीन पेट्यांपैकी एक वाचली. त्यातली निम्मी माणसं कोण आहेत ते आता कुणालाच माहीत नाही.

बाकी तीन फ्रेमांबद्दल, सेलेनियम बरोबर आहेत. पण वाकडा ट्रायपॉडसुद्धा चूक नाही. एक काढा आण्णांचा. उन्हात बसवा, सूर्यावर ठेवा, हात कठड्याला टेकवा. खिडकीची टेप घरात मंद उजेडात सोडा, आकडा बघा, परत लावा. मग रोल पूर्ण गुंडाळून घ्या, आत काळ्या पिशवीत. उघडू नका. मी करतो.

बारा फ्रेमा

अपडेट, बारा दिवसांनी.

आण्णांना अंगणात तुळशीपाशी बसवलं. "कशाला?" म्हणाले, पण टोपी घालून आले. कंबरेशी धरून काढायचा म्हणून मी वाकलो तर म्हणाले, "डोळ्याला लाव. हा डोळ्याचा हाय." चाळीस वर्षांनी कॅमेरा हातात न घेता त्यांना आठवत होतं. खट्ट.

काल लाल बल्ब यांच्याकडे गेलो. झेरॉक्सच्या मशीनमागे तो जिना तसाच आहे. मला आत घेतलं नाही, "जागा एकाची आहे" म्हणाले. मी बाहेर पासपोर्टच्या स्टुलावर. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं, चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. तेवढ्यात एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आल्या, त्यांना मी काढून दिली, उलटी आली.

रोल इंदूच निघाला. पाच फ्रेमा नुसत्या करड्या. दोनमध्ये काहीतरी आहे, झाड किंवा आत्या. उरलेल्या दोन मात्र उठल्या आणि दोन्हींत...

स्कूटर. नवी कोरी, हँडलला जास्वंदीचा हार, चाकाखाली लिंबू, मागे आमच्याच घराची दगडी पायरी. शेजारी एक माणूस उभा आहे, मानेपासून वरचं कापलंय. आण्णांनी स्कूटर नीट मधोमध घेतली आणि मास्तरांचं डोकं गेलं. पण घड्याळ उजव्या मनगटाला आहे. आई म्हणाली, उजव्या हातात घड्याळ गल्लीत मास्तरच घालायचे.

आण्णांना प्रिंट दाखवली. "म्हटलं नव्हतं?" एवढंच म्हणाले. मग खिशातून चष्मा काढून लावला आणि बराच वेळ पायरी बघत बसले. ती पायरी नंतर रस्त्यात गेली.

अंगणातला आण्णांचा फोटो धुक्यात आहे. टोपी दिसते, तुळस दिसते.

भडंग

मास्तरांच्या घरी एक प्रत द्या. डोकं त्यांच्याकडे असेल एखादं.

कृष्णाकाठची

लाल बल्बदादा, माझ्याकडे आईच्या त्या पुलाच्या फोटोची निगेटिव्ह नाही, फोटोच आहे. पोथीत राहून पिवळा पडलाय, एका कोपऱ्याला हळद लागलीय. त्याची दुसरी प्रत तुमच्या एनलार्जरवर होईल का? स्कॅन नकोय, कागदावर हवी. आईला दाखवायचं आहे.

लाल बल्ब

ताई, होईल. फोटोचा फोटो घ्यावा लागेल फिल्मवर, मग त्यावरून प्रिंट. दादा त्याला "नक्कल" म्हणायचे. हळद पुसू नका, तशीच आणा.

रविवारी अकराला या. आईंनाही आणा. जिन्याखाली दोघी मावणार नाहीत, पण आई आत आणि तुम्ही स्टुलावर, एवढं जमेल. ट्रे त्यांनाच हलवू दे.